तागडी आणि उधारीची वही



बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाईही आले आणि आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारिले (लूक 3:14). योहानाने त्यांस शिपाईगिरी सोडावयास सांगितले नाही. कोणास धाक घालून पैसा उकळू नका आणि आपल्या पगारात तृप्त असा, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. हाती शस्त्र असले म्हणजे कोणता मोह होतो, हे तो जाणत होता. दुकानदाराच्या हाती तागडी असते. तिचा मोहही तोच, फक्त त्याचा आवाज होत नाही.

नेरूळ येथील एक वृद्ध बंधू नुकतेच प्रभूमध्ये निजले. तारुण्यात ते पलटणीत होते. 1971 च्या युद्धात सीमेवर होते. शिपायाची चाकरी चाळिशीच्या आसपास संपते आणि लेकरे तेव्हा शाळेतच असतात. म्हणून निवृत्तिवेतनास जोड देण्यासाठी त्यांनी किराण्याचे लहानसे दुकान घातले. 1970 साली सिडको स्थापन झाली, आणि पुढे नेरूळची भातखाचरे व मिठागरे जाऊन तेथे वसाहती उठल्या. बांधकामावरचे बिगारी, मासळी विकणाऱ्या कोळणी, रिक्षावाले हेच त्यांचे गिऱ्हाईक. रोजंदारीच्या माणसास महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही. पावशेर तेल, मूठभर डाळ, आणि तेही पुष्कळदा उधार.

रणात पडलेल्यांचे स्मरण लोक करितात, व करावेच. माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावी त्यांचा पुतळा आहे. परंतु जो जिवंत परततो व पुढे कित्येक वर्षे गरिबाच्या पिशवीत पुरते माप घालितो, त्याचे शौर्य कोणी मोजीत नाही. माझ्या मते तेही शौर्यच, कारण तेथे पाहणारा कोणी वरिष्ठ नसतो.

प्रेतयात्रेस पुष्कळ लोक आले. या मनुष्याने कोणास रिकाम्या हाती परत पाठविले नाही, असे जो तो म्हणत होता. ते खरे आहे. पण त्याच लोकांपैकी कित्येकांची नावे उधारीच्या वहीत आहेत, आणि ती वही आता विधवेच्या हाती आहे.

दुसऱ्या राजांच्या चवथ्या अध्यायात संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा भेटते. तिचा नवरा देवभीरू होता, तरी मागे कर्ज ठेवून गेला आणि सावकार दारी आला. येथे उलट झाले आहे: देणेकरी पुष्कळ, आणि दारी कोणीच येत नाही!

कोणी म्हणेल, ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी. अनेसिमाचे देणे माझ्या हिशेबी मांड, असे पौलाने फिलेमोनास लिहिलेच आहे. होय, पण पौलाने ते स्वतः फेडीन असेही स्वहस्ते लिहिले. ते वचन फेडणाऱ्याच्या तोंडी शोभते, बुडविणाऱ्याच्या नव्हे. क्षमा करावयाची की नाही, हे त्या बाईंनी ठरवावे. ज्याच्याकडे बाकी आहे, त्याने ते त्यांच्या वतीने ठरवू नये.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावीही असे एखादे दुकान असेलच. पुढच्या उपासनेपूर्वी मंडळीत चौकशी करा. ज्यास एकदम देता येत नाही, त्याने आठवड्यास थोडे थोडे द्यावे. नेरूळच्या बाई कोणाच्या दारी मागावयास जाणार नाहीत. दुकान सकाळ-सायंकाळ उघडे असते.