मान वाकवावी ती कोणापुढे?

प्रभूची प्रार्थना ख्रिस्ती घरातल्या लेकराला नीट बोलता येण्याआधीच पाठ झालेली असते. नगरच्या चर्चमध्ये, वसईच्या मिस्सेत, केडगावच्या उपासनेत ती एका सुरात म्हटली जाते. तिच्यात रोजची भाकर मागण्याआधी आणखी एक मागणी आहे : देवाची इच्छा पुरी व्हावी. पोटाच्या आधी ही मागणी ठेवून येशूने आपल्या माणसांकडून फार मोठी कबुली घेतली आहे. ही कबुली देणारा नेमके काय सोडतो आणि त्याच्या हाती काय उरते, हे नीट पाहायला हवे.

याचे एक सोपे उत्तर सगळीकडे ऐकू येते. स्वतःची इच्छा हेच पापाचे मूळ, तेव्हा ती मारून टाकावी आणि देव ठेवील तसे राहावे. ऐकायला हे नम्रतेचे वाटते. पण हे उत्तर देणारा बहुधा वरच्या पायरीवर बसलेला असतो. नवरा बायकोला सांगतो, सासू सुनेला, धर्मगुरू मंडळीला, संस्थाचालक अनाथ मुलीला. देवाची इच्छा म्हणून जे पुढे केले जाते ते पुष्कळदा सांगणाऱ्याच्या सोयीचे असते. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा शरणागतीत आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच तिचे हे सोयीचे रूप मला सहन होत नाही. देवाला वाहिलेली इच्छा मरत नाही. ती जिवंत राहते, घडत जाते, आणि तिची भरवशाची खूण ही, की असा माणूस दुसऱ्या माणसांच्या धाकाला बधेनासा होतो.

याचे मूळ गेथशेमानेच्या बागेत आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू किद्रोन ओढा ओलांडून जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी जातो. पेत्र, याकोब आणि योहान यांना जागे राहायला सांगतो. ते झोपी जातात. त्या रात्रीच्या प्रार्थनेचा शेवट तेवढा आपल्या लक्षात असतो : पित्याच्या मनाप्रमाणे होवो. त्याआधी येशूने स्वतःला काय हवे ते उघड सांगितले आहे. हा प्याला टळावा, असे तो मागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो पुन्हा पुन्हा, तीनदा जाऊन तीच प्रार्थना करतो. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असे लूक सांगतो. मरणाची भीती त्याने झाकली नाही, धैर्याचा आव आणला नाही. आधी आपली इच्छा पुरतेपणी बोलून दाखवली आणि मगच ती पित्याच्या हाती दिली. जे आपले नाही ते कोणालाही अर्पण करता येत नाही. ज्याला 'मला हे हवे' म्हणायची मुभाच नव्हती, त्याच्या गप्प बसण्याला समर्पण म्हणणे ही फसवणूक आहे.

या एका रात्रीच्या अर्थावरून सातव्या शतकात मोठा झगडा झाला. बायझंटाइन साम्राज्याच्या हातून सिरिया आणि इजिप्त निसटत होते, आणि ख्रिस्ताच्या स्वरूपावरून ख्रिस्ती लोकांत फूट होती. फूट मिटावी म्हणून सम्राटांनी एक तडजोड पुढे केली : ख्रिस्त देव आणि माणूस दोन्ही आहे, पण त्याच्या ठायी इच्छा एकच. राजकारणाला ही तडजोड फार उपयोगी होती. मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने तिला ठाम नकार दिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ख्रिस्ताला मानवी इच्छाच नव्हती, तर बागेत पित्याला होकार कोणी दिला? आणि ख्रिस्ताने जे स्वतःत घेतलेच नाही, ते माणसात बरे कसे होणार? आपला सगळ्यात दुखावलेला, सगळ्यात हट्टी भाग इच्छा हाच आहे. तारण त्याचेच व्हायला हवे.

सम्राट दुसऱ्या कॉन्स्टान्सने ६४८ मध्ये या विषयावर वाद घालण्यालाच बंदी केली. पुढच्याच वर्षी पोप मार्टिन यांनी रोममध्ये परिषद भरवून एकाच इच्छेचा सिद्धांत फेटाळला. त्यांना पकडून कॉन्स्टँटिनोपलला नेले गेले, आणि ६५५ मध्ये ते हद्दपारीतच वारले. मॅक्सिमसवरही खटले चालले. ६६२ मध्ये, ऐंशी वर्षे उलटलेल्या या म्हाताऱ्याची जीभ आणि उजवा हात कापण्यात आला; त्याने पुन्हा बोलू नये, लिहू नये, एवढ्यासाठी. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, आज जॉर्जियात असलेल्या प्रदेशात, त्याच वर्षी त्याचा अंत झाला. नंतर ६८०-८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपललाच भरलेल्या विश्वव्यापी परिषदेने त्याची बाजू उचलून धरली. ख्रिस्ताच्या ठायी दोन इच्छा आहेत. मानवी इच्छा दैवी इच्छेच्या मागे स्वखुशीने जाते, पुसली जात नाही.

हा निर्णय ईश्वरविज्ञानाच्या जाड ग्रंथांत पडून राहिला, याची मला खंत वाटते. एका सामान्य भाविकासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. खुद्द देवाच्या पुत्राची मानवी इच्छा देवाने पुसली नाही, तर तुझी-माझी तो का पुसेल? आणि हा सिद्धांत ज्याने मांडला, त्याचे जगणेच त्याचे भाष्य होते. देवापुढे स्वतःला पूर्ण रिते केलेला हा वृद्ध सम्राटापुढे मात्र तसूभर हलला नाही.

इथे कोणी यिर्मयाच्या कुंभाराची आठवण देईल. माती कुंभाराशी वाद घालत नाही, तसेच माणसानेही घालू नये, असा उपदेश त्या दृष्टांतावरून नेहमी केला जातो. पण यिर्मयाचा तो अध्याय पुढे वाचावा. चाकावर भांडे बिघडते, कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो, आणि लगेच देव सांगतो : एखादे राष्ट्र वाईट मार्गावरून वळले, तर मीही ठरवलेले अरिष्ट मागे घेईन. म्हणजे ही माती प्रतिसाद देणारी आहे आणि तिच्या प्रतिसादाची कुंभाराला कदर आहे. बिघडलेला गोळा तो फेकून देत नाही. हा दृष्टांत मुळात आशेचा आहे. आपण तो दटावणीचा करून टाकला.

मग देवाची इच्छा ओळखायची कशी? या बाबतीत इग्नेशियस लोयोला यांच्याइतका व्यवहारी मार्गदर्शक मला माहीत नाही. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा बास्क सरदार अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या मनाचे निरीक्षण करू लागला. कोणत्या विचारांनी मन क्षणभर सुखावते आणि मग कोरडे पडते, कोणत्या विचारांनी आलेली शांती टिकते, याची त्यांनी नोंद घेतली. पुढे मानरेसा गावातल्या वास्तव्यात त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' आकाराला आल्या. त्यांत एक प्रसंग चिंतनासाठी दिला आहे. तीन तऱ्हेच्या माणसांना प्रत्येकी दहा हजार सोन्याची नाणी मिळाली आहेत आणि तिघांनाही त्यांची ओढ मनाला लागल्याची टोचणी आहे. पहिल्यांना ओढ सुटावी असे वाटते, पण मरेपर्यंत ते काहीच करत नाहीत. दुसऱ्यांनाही ओढ सुटायला हवी असते, मात्र पैसा हाती राहूनच. देवानेच त्यांच्याकडे वळावे, अशी त्यांची अपेक्षा. तिसऱ्यांना पैसा ठेवायचाही आग्रह नाही आणि टाकायचाही नाही. देवाची सेवा ज्यात अधिक होईल ते करायला ते मोकळे असतात.

आपल्यापैकी बहुतेकांची जागा दुसऱ्या गटात आहे. निर्णय आधी घेतलेला असतो, प्रार्थना नंतर होते. इग्नेशियस यांचा पहिला उपयोग हा, की ते ही लबाडी उघड्यावर आणतात. दुसरा उपयोग त्याहून मोठा. साधना देणाऱ्या मार्गदर्शकाला ते बजावतात, की साधकाला कोणत्याही एका निवडीकडे ढकलू नकोस. निर्माता आणि त्याने निर्मिलेला जीव यांचे परस्परांत होऊ दे. मन खचलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये, हाही त्यांचाच नियम. याच इग्नेशियस यांनी आपल्या येशूसंघाच्या घटनेत वरिष्ठांच्या आज्ञेपुढे प्रेतासारखे असावे, अशी कठोर उपमा वापरली आहे, हे मी विसरलेलो नाही. ती उपमा मला आजही खुपते. मात्र आज्ञेबद्दल मनात शंका असेल तर प्रार्थना करून ती वरिष्ठांपुढे मांडावी, ही वाटही त्यांनी मोकळी ठेवली.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वात मोठी साक्ष आहे ती पंडिता रमाबाईंची. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या, 'आर्य महिला समाज' काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, वाँटेजच्या मठात राहत असताना, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ही विधवा निमूट राहील, असे कोणाला वाटले असेल तर तसे घडले नाही. ज्या भगिनींनी त्यांना ममतेने सांभाळले, त्यांच्याशीच त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला, आणि त्यात रमाबाई प्रत्येक मुद्द्यावर प्रश्न विचारतात. त्या शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पदार्थही खाईनात. त्यात भगिनींना जुना अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. बिशपांनी त्यांच्या अध्यापनावर निर्बंध सुचवले तेव्हा त्यांनी स्पष्ट कळवले, की भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने नुकतेच फेकले आहे, आता पाद्र्यांच्या प्रत्येक शब्दाला परमेश्वराची आज्ञा मानून तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही.

याला अहंकार म्हणणारे तेव्हाही होते. मला यात मॅक्सिमसचीच जात दिसते. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने दिलेली आज्ञा यांतला फरक रमाबाईंना कळत होता, कारण पहिलीचा शोध त्या जिवाच्या आकांताने घेत होत्या. हा शोध बाप्तिस्म्याने संपला नाही. ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मात्र पुढे आठेक वर्षांनी मिळाला, असे त्यांनीच १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. आठ वर्षे! या काळात त्या अमेरिकेत हिंडल्या, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. बाहेर नाव होत होते आणि आत घडण चालली होती. ख्रिस्ती घडणीला घाई नसते, हे त्यांच्याकडून शिकावे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या घरावर आलेला दुष्काळ त्यांच्या अंगात मुरलेला होता. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर 'मुक्ति' उभी राहिली : विहिरी, शेती, गुरे, विणकाम, अंधांची शाळा, छापखाना. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कमी शिकलेल्या बायकांना वाचता येईल अशी सोपी भाषा धरली, आणि छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या त्या आश्रमातल्याच मुली. ज्यांना कोणी अक्षर शिकवले नसते, त्यांच्या हातून शास्त्र अक्षरबद्ध होत होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली. कानांनी केव्हाच दगा दिला होता. तरी प्रुफे तपासणे सुटले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम त्यांनी हातावेगळे केले होते. स्वतःची इच्छा देवाला दिलेल्या बाईची इच्छाशक्ती ही अशी असते.

पण कसोटी लावायची तर ती रमाबाईंनाही लावली पाहिजे. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनात कोणाला धर्मांतर करायला लावायचे नाही असे ठरलेले असताना मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हा त्यांचा आक्षेप. मी दार उघडे ठेवते, यायचे त्यांनी यावे, असे रमाबाईंचे म्हणणे. रमाबाईंनी कोणावर बळजबरी केली असे मला वाटत नाही. तरीही जिचे अन्न, अंथरूण आणि अक्षर एकाच हातून येते, तिचा होकार किती मोकळा, हा प्रश्न उरतो. केडगावच्या भुकेल्या मुलींबाबत तर तो अधिकच टोचतो. रमाबाईंवरच्या प्रेमापोटी तो टाळणे, हे रमाबाईंच्याच स्वभावाला सोडून होईल.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांना ठेवून पाहावे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या, पण त्यांनी नवऱ्याच्या मागे जायचे म्हणून धर्म बदलला नाही. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी सोवळे पाळून आपला स्वयंपाक वेगळा करत. जातपात माणसाने केली आहे, देवाने नव्हे, हा उलगडा त्यांना स्वतःच्या विचाराने झाला, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी या पाच वर्षांत वाट पाहिली. त्या काळच्या नवऱ्याने वाट पाहणे, हीसुद्धा एक शरणागतीच; बायकोला घडवण्याचे काम आपले नाही, देवाचे आहे, ही कबुली त्यात आहे.

आपल्या मंडळींनी नेमके हेच शिकायचे आहे. मठात जाऊ पाहणारी मुलगी, गुरुशाळेतला मुलगा, मिशनच्या वसतिगृहातले पोर, मारझोड सोसणारी सून, यांना कोणी देवाची इच्छा सांगत असेल, तर आधी एवढे पाहावे : इथे 'नाही' म्हणता येते का? म्हटले तर ताट, छप्पर आणि मान शाबूत राहतो का? राहत नसेल, तर त्या होकारात देवाचे काही नाही, आपलेच आहे. गेथशेमानेत पित्याने पुत्राचे मागणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. धर्मगुरू, आईबाप, संस्थाचालक यांच्या अंगी तेवढी सबुरी यावी म्हणून त्यांनी आधी आपल्या इच्छा देवाला वाहाव्यात. दुसऱ्यांकडून समर्पण मागण्याचा अधिकार त्यांना त्यानंतरही मिळत नाही. तो देवाचाच आहे, आणि तोसुद्धा विचारून घेतो.