हिरवं होण्याची गोष्ट

गुलबक्षीच्या चितकबऱ्या झाडाने १९०९ साली कार्ल कोरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञापुढे पेच उभा केला. झाडाच्या काही फांद्या हिरव्या होत्या, काही पांढुरक्या, काही दोन्ही रंगांच्या. परागकण कुठल्याही फांदीचे घेतले तरी रोपाचा रंग ठरायचा तो बी ज्या फांदीवर धरलं तिच्यावरून. मेंडेलचे विसरलेले नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी कोरेन्स स्वतः एक, आणि त्यांच्याच बागेतलं हे झाड त्या नियमांना जुमानत नव्हतं.

पेच सोडवायला फुलझाडापेक्षा साधा जीव हवा होता. क्लॅमिडोमोनस हे मातीत राहणारं एकपेशीय हिरवं शैवाल त्या कामी आलं. मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग एवढी पेशी, पोहायला दोन कशाभिका आणि पेल्याच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक. प्रकाशसंश्लेषण बंद पडलं तरी ते ॲसिटेटवर जगतं. हा गुण फार मोलाचा, कारण ज्या बिघाडाने एरवी वनस्पती मरून जाते, तो इथे जिवंत पेशीत न्याहाळता येतो.

रूथ सेगर यांनी १९५४ मध्ये दाखवलं, की या शैवालात स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देण्याचा एक गुण दोन जनकांपैकी एकाच प्रकारच्या जनकाकडून संततीत उतरतो. १९६२ मध्ये हान्स रिस आणि वॉल्टर प्लॉट यांना शैवालाच्या हरितलवकातच डीएनएचे धागे दिसले. हरितलवकाला स्वतःची जनुकं आहेत, ही कल्पना आता टाळता येण्यासारखी नव्हती.

तरीही प्रकाश टिपणारी पटलं, म्हणजे थायलकॉइड, तोवर तयार अवस्थेतच पाहिली जात होती. ती घडतात कशी, हे दिसायला ती आधी नाहीशी व्हायला हवीत. ही सोय ‘वाय-१’ नावाच्या उत्परिवर्ती शैवालाने करून दिली. साधं क्लॅमिडोमोनस अंधारातही हरितद्रव्य बनवतं. वाय-१ला ते फक्त उजेडात जमतं. अंधारात पेशी विभागत राहते, जुनी पटलं पिढीगणिक विरळ होत जातात आणि शेवटी पिवळट पेशी उरते. इत्झॅक ओहाद, फिलिप सीकेविट्झ आणि जॉर्ज पलाडे यांनी रॉकफेलर विद्यापीठात अशा पेशी उजेडात आणल्या. सहा-आठ तासांत त्या हिरव्या झाल्या आणि पटलं पुन्हा उभी राहिली. त्यांचे १९६७ चे निबंध वाचताना जाणवतं, की इथे प्रश्नच बदलला होता. आता पाहायचं होतं ते बांधकाम.

मग बांधणारे किती, याचा शोध लागला. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध हरितलवकातलं प्रथिन-उत्पादन रोखतं, तर सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन बाहेरच्या पेशीद्रवातलं. दोन्हींपैकी काहीही दिलं तरी कामाची पटलं नीट तयार होईनात. आज आकडे स्पष्ट आहेत: क्लॅमिडोमोनसच्या हरितलवकात ९९ जनुकं, केंद्रकात १५,००० हून अधिक. एकाच प्रथिनसंकुलाचे काही भाग आत बनतात, काही बाहेर बनून आत येतात.

केंद्रकाची पकड किती खोल आहे, हे ‘पीएसए-ए’ या जनुकावरून कळतं. पटलांत प्रकाश वापरणारी दोन प्रथिनसंकुलं, म्हणजे प्रकाशप्रणाली, असतात; त्यांतल्या पहिलीचं एक गाभ्याचं प्रथिन त्याच्यावरून बनतं, पण ते जनुक हरितलवकाच्या डीएनएत तीन तुकड्यांत विखुरलेलं आहे. तिन्हींच्या आरएनए प्रती वेगवेगळ्या निघतात आणि नंतर सांधल्या जातात. या सांधणीला केंद्रकातली किमान १४ जनुकं लागतात. एका प्रथिनासाठी एवढा खटाटोप!

यावरून केंद्रक मालक आणि हरितलवक नोकर असं वाटेल. पॅरिसमध्ये फ्रान्सिस-आंद्रे वोलमन आणि सहकाऱ्यांनी त्या चित्राला छेद दिला, आणि या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वळण तेच आहे. पटलातल्या ‘सायटोक्रोम एफ’ या प्रथिनाला त्याच्या संकुलातले जोडीदार मिळाले नाहीत, तर त्याचं स्वतःचं उत्पादन मंदावतं. त्या प्रथिनाच्या साखळीचं मोकळं राहिलेलं टोकच त्यासाठी कारणीभूत असतं. जोडणी झाली, की ते झाकलं जातं आणि अडसर दूर होतो. म्हणजे किती बनवायचं हे काही अंशी जोडणीच्या जागीच ठरतं.

जागेचा प्रश्नही पुढे आला. केनेथ हूबर यांनी वाय-१च्याच अभ्यासातून पटलांचा उगम हरितलवकाच्या आवरणाशी जोडला. २००७ साली जेम्स युनियाक आणि विल्यम झर्जेस यांना दुसऱ्या प्रकाशप्रणालीच्या प्रथिनांची निर्मिती पायरेनॉइड या हरितलवकातल्या कार्बन स्थिर करणाऱ्या गाभ्याजवळच्या एका भागात एकवटलेली आढळली.

याच प्रणालीतलं ‘डी-१’ प्रथिन उजेडात सतत मोडतं आणि सतत बदललं जातं, त्यामुळे बांधकाम कधी पूर्ण होतच नाही. उभारणी आणि देखभाल यांची अशीच सांगड आणखी एका प्रथिनात दिसली. ‘व्हिप-१’ या प्रथिनाकडे २००१ पासून पटल-निर्मितीतला घटक म्हणून पाहिलं जात होतं. त्याच्या नील-हरित जीवाणूतल्या रूपाची रचना २०२१ मध्ये उलगडली: टोपलीसारख्या कड्या, आतल्या बाजूला मेद धरणारे पट्टे. क्लॅमिडोमोनसच्या हरितलवकात या प्रथिनाने वेढलेल्या पटलनलिकाही दिसल्या. जीवाणूतल्या त्या मेद धरणाऱ्या पट्ट्यांत बदल केल्यावर प्रखर उजेडात थायलकॉइड प्रचंड फुगले. पटलं उभारणाऱ्यांत ज्याची गणना होत होती, तेच प्रथिन उभी पटलं सांभाळतानाही सापडलं.