रतामाच्या झुडपाखाली

रविवारची उपासना आटोपून तुम्ही मंदिराच्या पायऱ्या उतरत आहात. समोरून मंडळीतील एक ज्येष्ठ गृहस्थ येतात. तुम्ही हसून सलाम करता. ते तुमच्याकडे पाहतात न पाहतात तोच मान वळवून फाटकाबाहेर निघून जातात. घटना एवढीच, अर्ध्या मिनिटाची. पण घरी पोहोचेपर्यंत तिचे केवढे तरी पुराण तयार होते. गेल्या सभेत आपण हिशेबाविषयी प्रश्न विचारला, तो त्यांना झोंबला असावा. त्यांनी इतरांचेही कान भरले असावेत. म्हणूनच तर नाताळच्या कार्यक्रमात आपल्या मुलीला गीत म्हणण्यासाठी बोलावले गेले नाही! दुपारचे जेवण गोड लागत नाही, मुलांवर विनाकारण ओरडणे होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. बुधवारी प्रार्थनासभेत कळते, की त्या गृहस्थांच्या थोरल्या बहिणीला इस्पितळात हलविल्याचा निरोप त्यांना उपासना चालू असतानाच मिळाला होता. क्षणार्धात राग विरघळतो, आणि त्याच्या जागी संकोच येऊन बसतो.

वाचकहो, रविवारपासून बुधवारपर्यंत ती घटना तिळभरही बदलली नव्हती. बदलला तो तिला आपण लावलेला अर्थ. तीन दिवस आपल्या अंतःकरणाला जे विष चढले होते, ते त्या गृहस्थांनी दिलेले नव्हते. ते आपल्याच घरी तयार झाले होते.

हे मर्म माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गुलामगिरीत वाढलेला एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात आपल्या शिष्यांना हेच शिकवीत असे, की माणूस घटनांपेक्षा त्या घटनांविषयीच्या आपल्या मतांनी अधिक अस्वस्थ होतो. अलीकडच्या काळात, १९६० च्या दशकात, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी आरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ खिन्नतेच्या रुग्णांवर उपचार करीत असता त्यांच्या ध्यानात आले, की या रुग्णांच्या मनात काही विचार आपोआप, जवळजवळ नकळत उमटत असतात. ते बहुधा तीन गोष्टींविषयी असतात: मी स्वतः, माझ्याभोवतीचे जग आणि माझे भविष्य. मी निकामी आहे, जग माझ्या विरुद्ध आहे, आणि पुढे काही बरे होणार नाही. हे विचार ओळखून त्यांची सत्यता तपासण्यास रुग्णाला शिकविणारी उपचारपद्धती बेक यांनी उभी केली. २०२१ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ते निवर्तले. त्यांची पद्धती आज जगभर वापरली जाते.

येथपर्यंत सारे ठीक. परंतु ज्या घरात नुकतेच मरण झाले आहे अशा घरी आपली मंडळी सांत्वनाला जाते, तेव्हा काय घडते ते आठवून पाहा. नवरा गेलेली बाई भिंतीला टेकून बसलेली असते. कोणीतरी तिचा हात हाती घेऊन सांगते, "ताई, रडू नका. आपला विश्वास आहे ना? मनात वाईट विचार आणूच नका." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ती बाई त्यातून एवढेच ऐकते, की माझ्या डोळ्यांतले पाणी हा माझ्या विश्वासातला उणेपणा आहे. नवऱ्याच्या वियोगाचे ओझे होतेच, त्यावर अपराधाचे ओझे चढले.

म्हणून प्रश्न असा उभा राहतो: भावना जर विचारांतून उपजतात, तर दुःखी माणूस आपल्या दुःखाला स्वतःच जबाबदार ठरतो काय? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायात अधिक नीट सापडते.

कर्मेल डोंगरावरचा मोठा विजय मागे पडला आहे. ईजबेल राणीने एलीयाचा जीव घेण्याची शपथ वाहिली आहे, आणि तो पळतो आहे. यहूदातील बैर-शेब्यास पोहोचल्यावर तो आपल्या चाकराला तेथे ठेवतो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो, एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. तेथे आणि पुढे होरेबाच्या गुहेत तो जे बोलतो ते लक्षपूर्वक वाचा. मी आपल्या वाडवडिलांहून चांगला नाही. इस्राएलाने देवाचा करार टाकून दिला आहे. संदेष्ट्यांचा वध झाला, मी एकटाच उरलो, आणि आता माझाही जीव घेण्यास ते टपले आहेत. स्वतः, जग, भविष्य! बेक यांच्या रुग्णांच्या तिन्ही वाटा त्या महान संदेष्ट्याच्या मुखी आहेत.

त्यातील 'मी एकटाच उरलो' हे वाक्य तर सरळ चूक आहे. एकच अध्याय मागे जा. अहाबाचा कारभारी ओबद्या याने एलीयाला स्वतः सांगितले होते, की मी परमेश्वराचे शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपविले आणि त्यांना अन्नपाणी पुरविले (१ राजे १८:१३). एलीयाने ते ऐकले होते. शिवाय सोबतीला असलेला चाकर त्याने आपल्याच हाताने मागे ठेवला होता. निराशेचे हेच लक्षण आहे: ती खोटे बोलते एवढेच नव्हे, तर आपल्याला ठाऊक असलेले खरेही विसरायला लावते, आणि मग स्वतःच एकांत निर्माण करून त्याचाच पुरावा म्हणून उपयोग करते.

आता देव काय करतो ते पाहा. ही चूक त्याला दिसत नव्हती असे नाही. परंतु रतामाच्या झुडपाखाली तो ती चूक काढीत नाही. एलीया झोपतो, दूत त्याला स्पर्श करून उठवितो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा उशाशी असतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा दूत, पुन्हा भाकर. त्यानंतर चाळीस दिवस व चाळीस रात्रींची वाट. मग होरेब, आणि तेथेही प्रथम उपदेश नाही, तर प्रश्न: तू येथे काय करतोस? एलीया आपली कैफियत सांगतो. वारा, भूकंप, अग्नी, आणि मग मंद वाणी होते. पुन्हा तोच प्रश्न येतो. आणि एलीया अक्षरशः तेच उत्तर देतो (१९:१० व १४ ताडून पाहावे). प्रत्यक्ष देवाच्या समक्षतेतसुद्धा तो विचार एका फेरीत हटला नाही! ज्यांच्या मनात एखादी गोष्ट रात्ररात्र घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते, त्यांना या पुनरुक्तीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. देव त्याबद्दल रागावत नाही. तो एलीयाला काम देतो, अलीशाच्या रूपाने सोबती देतो, आणि अगदी शेवटी, जाता जाता म्हणावे तसे, आकडा सुधारतो: इस्राएलात बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत.

विचार दुरुस्त झाला. पण भाकर, झोप, चाल, ऐकून घेणे आणि काम यांच्यानंतर. आपण सांत्वनाला जातो तेव्हा हा क्रम उलटा करतो. ईयोबाच्या मित्रांनीही तेच केले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि बिघडले.

मग आपल्या विचारांशी आपण काहीच करू नये काय? करावे, पण ज्याचे त्याने. बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या स्तोत्रांत कवी आपल्याच जिवाला प्रश्न करतो, की तू खिन्न का झालास. आपल्या महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक, दोनशे पाचही, मनाशी केलेला संवादच आहेत. मनाचे ऐकत बसणे निराळे आणि मनाशी बोलणे निराळे. स्तोत्रकर्त्याला मात्र हा प्रश्न तीनदा विचारावा लागला, आणि प्रत्येक वेळी मध्ये अश्रू आहेत. शिवाय तो स्वतःच्या जिवाला विचारतो, शेजाऱ्याच्या नव्हे.

आणि मनाशी बोलताना काय बोलावे? येथे मोठी गफलत होते. १९५२ साली न्यूयॉर्कचे पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे आशावादी विचारसरणीच्या सामर्थ्यावरील पुस्तक निघाले, आणि तेव्हापासून कित्येक ख्रिस्ती व्यासपीठांवरून गोड विचार आणि चांगला विचार एकच असल्यासारखे बोलले जाते. पौलाने फिलिप्पैकरांना कशाकशाचे मनन करावे ते सांगताना यादीच्या अगदी आरंभी ठेवले आहे ते सत्य (४:८). सुखद काय ते त्याने विचारलेले नाही. मनन करणे या अर्थी त्याने योजिलेला ग्रीक शब्द हिशेबाच्या वहीतला आहे: जमाखर्च मांडणे. खर्चाची बाजू कोरी ठेवून केलेला हिशेब खोटाच असतो. त्याच पत्रात आपला सोबती एपफ्रदीत मरणोन्मुख झाला होता हे सांगताना, तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल उघडपणे कबूल करतो (२:२७). आनंद करा म्हणून सांगणारा हा माणूस बेड्यांत होता, आणि आपले दुःख झाकून ठेवण्याची त्याला गरज वाटली नाही.

याहून पुढे जाऊन पाहावयाचे तर बेथानीला जावे. लाजराला आपण उठविणार हे प्रभू येशूला ठाऊक होते. त्याच्या विचारात काडीचीही चूक नव्हती. तरी थडग्याकडे जाताना तो रडला. ज्याचा विचार सर्वस्वी शुद्ध, त्याच्याही डोळ्यांत पाणी आले. तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या त्या बाईच्या अश्रूंवरून तिच्या विश्वासाचे माप घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

काही जणांच्या बाबतीत तर विचार हटतच नाही. तो आजार असतो, आणि त्यासाठी वैद्याकडे जाणे म्हणजे देवाकडे पाठ फिरविणे नव्हे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेली 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. आपल्या मंडळीच्या सूचनाफलकावर हा क्रमांक लिहिलेला असावा असे मला वाटते.

अठराव्या शतकातील इंग्रज कवी विल्यम कूपर याला अशी सेवा उपलब्ध नव्हती. ऑल्नी या गावी जॉन न्यूटन त्याचा पाळक आणि मित्र होता. दोघांच्या गीतांचा संग्रह १७७९ साली निघाला आणि जगभरच्या मंडळ्यांनी तो गायिला. पण १७७३ च्या आरंभीच कूपरच्या मनात एक विचार रुतून बसला होता: देवाने मला कायमचे टाकले आहे. हा विचार खोटा आहे हे न्यूटनला पुरते ठाऊक होते. त्याने समजावले, प्रार्थना केली. विचार हलला नाही. तेव्हा न्यूटनने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, वर्षाहून अधिक काळ. कूपर पुढे सत्तावीस वर्षे जगला. त्याने ससे पाळले, बाग केली, मोठी काव्ये लिहिली, मित्रांना हसविणारी पत्रे लिहिली. आपण तारले गेलो आहोत यावर मात्र त्याचा विश्वास पुन्हा बसला नाही. न्यूटन पुढे लंडनला गेला, आणि तेथूनही तो त्याला पत्रे लिहीत राहिला.