आधी अन्न, मग उपदेश



आळवीच्या शेतकऱ्याची कथा आपण विहारात ऐकली असेल. तथागत आळवीस आले, त्याच दिवशी एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटी, धापा टाकीत सभेत पोचला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालावयास सांगितले आणि मगच उपदेश केला. भिक्खू कुजबुजले, तेव्हा त्यांनी समजावले की भुकेने पिडलेल्या माणसाच्या मनात धम्म शिरत नाही.

मी शाळामास्तर आहे. पहिल्याच तासाला पेंगणाऱ्या मुलांना मीही पूर्वी आळशी म्हणत असे. एकदा अशाच एका मुलीला दरडावून उभे केले. चौकशी करता कळले, सकाळपासून तिच्या पोटात कोऱ्या चहाशिवाय काही नव्हते. त्या दिवशी मला आळवीची कथा खरी समजली.

म्हणूनच आज तुम्हाला एका दूरच्या छावणीतील लेकरांविषयी सांगावयाचे आहे. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक जीव घेऊन बांगलादेशात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुतुपालोंग छावणीत पाच वर्षांखालील मुलांची तपासणी झाली. शंभरातील सुमारे २४ मुले तीव्र कुपोषित निघाली आणि सुमारे ४८ मुलांना रक्तक्षय होता. त्या वेळी तीन वर्षांचे असलेले मूल २०२० साली सहा वर्षांचे झाले, म्हणजे पाटी घेऊन बसण्याच्या वयाचे. पण पाटीवर बसण्याआधीच त्याचे अर्धे बळ गेले होते!

रक्तातील लोह कमी पडले की प्राणवायू वाहून नेणारा लाल घटक कमी होतो. मूल फिकट पडते, लवकर थकते, त्याचे लक्ष टिकत नाही. निव्वळ लोहाचीच उणीव असते असेही नाही. जंत, वारंवार होणारे जुलाब आणि ताप हेही रक्त खातात. त्यात ताटच लहान झाले तर? निधी आटला म्हणून २०२३ साली तेथील माणशी मासिक शिधा १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणला गेला. पुढे तो वाढविला हे खरे. पण वाढत्या वयाचे पोट थांबत नाही.

आता एक कडू गोष्ट. ही लेकरे ज्या देशातून आली, तेथे बौद्ध बहुसंख्य आहेत. त्यांना हुसकून लावले लष्कराने. पण काही चीवरधाऱ्यांनीही त्यांच्याविरुद्ध द्वेषाची भाषणे केली. आपण याकडे डोळेझाक करावी काय? गावकुसाबाहेर राहण्याचे दुःख आपल्या आजोबांनी भोगले. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो माणसाला माणूस मानण्यासाठी. चीवर अंगावर आहे आणि मनात मैत्री नाही, तर ते नुसते कापड होय. मुसलमानाचे लेकरू उपाशी असताना ज्याला वाईट वाटत नाही, त्याने पंचशील तोंडपाठ केले; आचरले नाही.

मग आपण काय करावे? निर्वासितांविषयी कुणी विष ओकले तर विहारात उठून बोलावे. आणि करुणेचा सराव आपल्या घरापासून करावा. मुलाच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते काय, ते पाहा. शंका आली तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन ११.५ पेक्षा कमी असू नये. ताटात डाळ, पालेभाजी, जमल्यास अंडे, मटण, कलेजी ठेवा. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नका, तो लोह अडवतो. जंताचे औषध वेळच्या वेळी द्या. मुलीच्या ताटात मुलाइतकेच वाढा. समता आधी स्वयंपाकघरात आली पाहिजे.

बाबासाहेबांनी शिका म्हटले. मूल शिकावे अशी इच्छा असेल, तर आधी त्याच्या पोटाकडे पाहा. आपल्या मुलाच्या आणि परक्याच्याही.

नमो बुद्धाय! जय भीम!