अडली आहे तोवर

किल्ली फिरवलीत आणि गाडी चालू झाली नाही. असू दे. हात मांडीवर घ्या. लगेच पुन्हा सेल्फ मारू नका.

गाडी जुनी आहे. नव्वदच्या दशकातली कार्बोरेटरची मारुती ८००, कोल्हापूरची, एमएच ०९. पंधरा वर्षं उलटल्यावर फेरनोंदणी झालेली, आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी आरटीओच्या दारात उभी राहणारी. तिचा आजार असा, की बहुतेक वेळा ती चालू होते. कधीतरीच अडते. उद्यमनगरात दाखवायला न्यावी तर पहिल्या सेल्फला घेते आणि मिस्त्री नुसता हसतो. त्याचं तरी काय चुकलं? चालू गाडीत शोधायचं काय? बिघाड हजर आहे तो आत्ता, शाहूपुरीतल्या या गल्लीत, गाडी कडेला उभी असताना. घाई आहे, कबूल. तरी थोडा वेळ गाडी चालू करायची इच्छा बाजूला ठेवून बघा.

गियर न्यूट्रलला आहे ना? हँडब्रेक ओढा. काच खाली घ्या. आता एकदाच किल्ली फिरवा, आणि फक्त ऐका.

काहीच आवाज नाही? मग हुकूम सेल्फपर्यंत पोचलाच नाही. किल्लीचा स्विच आणि तिथून निघणारी बारीक वायर बघायची. भराभर कटकट झाली? सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा जाड करंट जोडणारा स्विच, ओढतो आहे, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं आहे, तो सुटतो आहे, पुन्हा ओढतो आहे. एकच ‘टक्’ आला? हुकूम पोचला, मोटर फिरली नाही. आणि इंजिन नीट फिरतंय पण धरत नाही, असं असेल तर बॅटरीला आणि सेल्फला संशयातून मोकळं करा. प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर आधी ठिणगी तपासा, नाहीतर चोक जास्त ओढला गेला असेल.

आता हेडलाइट लावा. समोरच्या बंद शटरवर उजेड पडू द्या. त्याच्याकडे बघत पुन्हा एकदा किल्ली फिरवा. उजेड पार मंदावला, तर करंट जाऊ पाहतो आहे, पण बॅटरीत दम नाही किंवा वाटेत कुठेतरी गळा आवळलेला आहे. ‘टक्’ झाला आणि उजेड जराही हलला नाही, तर मोटरमधून करंट जातच नाही. बहुधा सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेत किंवा सेल्फचे कार्बन झिजलेत. एवढं कळायला एक नटही सोडावा लागला नाही.

एव्हाना दोघंतिघं जमली असतील. “बॅटरी गेली बघा.” “ढकलूया की!” कोल्हापुरात ढकलायला माणसं मागावी लागत नाहीत. ढकलून, दुसऱ्या गियरात क्लच सोडल्यावर गाडीनं धरलं तर ठिणगी आणि पेट्रोल ठीक आहे, एवढं समजतं. पण ते शेवटी. त्यानंतर बघायला काही उरत नाही.

बॅटरीवाल्या सल्ल्यापाशी मात्र जरा थांबू. नवी बॅटरी घातली की अशा गाड्या खरोखर बऱ्या होतात. पावसाळाभर सुरळीत चालतात आणि मग पुन्हा अडतात. का? बॅटरी बदलताना कुणीतरी क्लॅम्प काढले, घासले, आवळून बसवले. गुण आला तो घासण्यानं आणि पैसे गेले बॅटरीचे. हा सगळ्यात महाग पॉलिशपेपर!

आता बॉनेट उघडा. कशाला हात लावू नका. क्लॅम्प हलवून बघायचा मोह होईल. हलवलात की गाडी चालू होईल आणि कशामुळे झाली ते कळणार नाही. नुसत्या नजरेनं करंटच्या वाटेनं चला. बॅटरीचा प्लस, जाड केबल, सोलेनॉइड, मोटर. बहुतेकांची नजर इथं थांबते. पण करंटला घरी परतायचं असतं. मोटरच्या अंगातून इंजिनात, इंजिनावरून अर्थिंगच्या पट्टीनं बॉडीत, बॉडीवरून बॅटरीच्या मायनसला. ही परतीची वाट तेलकट, चिखलानं माखलेली, कुणी न पुसलेली असते. माझा पहिला संशय नेहमी तिच्यावर.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत पंचगंगेचा फुगवटा जयंती नाल्यातून शिरून शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी आलं होतं. तशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, वाळवून चालू होते. पण केबलच्या आवरणात आणि तिच्या टोकाच्या थिंबलखाली ओल राहते, तांब्यावर हिरवा थर चढत जातो, आणि वरून काही दिसत नाही. त्यात इंजिन तापलेलं असलं तर तांब्याचा रोध आणखी वाढतो. सकाळी घेणारी गाडी दुपारी स्टेशनवर पाहुणे सोडून परतताना अडते ती बऱ्याचदा यामुळे.

तरी बॅटरीला मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दाखवेल. दिवाही लागेल. बोळातून एकटा माणूस आरामात जातो, विसर्जनाची मिरवणूक अडते. केबलची एखादी तार शाबूत असली तरी दिव्याला पुरते. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना. मीटरची एक सळई बॅटरीच्या मायनस खुंटावर टेकवा. क्लॅम्पवर नको, खुंटावरच. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. जमलेल्यांपैकी एकाला किल्लीवर बसवा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर परतीची वाट मोकळी. १ दिसला तर चोर तिथंच कुठेतरी आहे. ही दुसरी सळई खुंटापासून एकेक सांधा पुढे सरकवत जा, आकडा जिथं उडी मारेल तो सांधा.

तो सोडा, लखलखीत घासा, आवळा, वर व्हॅसलिन लावा. गाडी चालू होईल. त्यावर विश्वास ठेवू नका, ती तशीही बहुतेक वेळा होतच होती. पुन्हा मीटर लावा. १ चा ०.१ झाला असेल तर तो आकडा तारखेसकट डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहा, शेजारी इंजिन गार होतं की गरम तेही. पावसाळा सरला की पुन्हा मोजायचं आहे.