कपाळावरचं एक मिलीग्रॅम

मे महिन्यातली दुपार उतरली की घरातल्या हवेशीर जागी बसा. गोव्यात पेडण्यातलं जुनं घर असेल तर पडवीत, डिचोलीच्या बाजाराजवळ राहात असाल तर माडीच्या खिडकीशी. पंखा चालू असू द्या, त्रास सोसायचा नाही. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा, श्वास आपल्या गतीने चालू द्या.

आधी तळहात उघडा. ओलसर आहे, पण तो घाम. तळहाताला आणि तळपायाला तेलाच्या ग्रंथी नसतात. हाताला लागणारं तेल आपण सतत चेहऱ्याकडून, केसांकडून उचलत असतो. मोबाइल तिरपा धरून त्याच्या काचेकडे पाहा. मघाशी फोनवर बोलताना तिथे गालाचा ठसा उमटला आहे.

आता तर्जनी नाकपुडीच्या कडेला, जिथे गाल सुरू होतो त्या खाचेत टेकवा आणि हलकेच वर न्या. बोट घसरतं. मग तेच बोट अंगठ्यावर चोळा. या दोन बोटांमधल्या बुळबुळीत स्पर्शापाशी थोडा वेळ थांबा. चेहऱ्याच्या एका चौरस सेंटीमीटरमध्ये ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात. बहुतेक केसांच्या मुळांना चिकटलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लवीच्या मुळांनाही.

हे तेल पाझरत नाही, हे मनात नीट येऊ द्या. ग्रंथीच्या तळाशी पेशी जन्मते. ती वर सरकत जाते आणि सरकता सरकता तेलाने भरत जाते. दोन-तीन आठवड्यांनी ती पूर्ण भरते, फुटते आणि सगळीच्या सगळी तेलात मिसळून जाते. बोटाला जे लागलं ती स्वतः पेशीच होती. तिचा जन्म झाला तेव्हा अंगणातल्या फणसाला कदाचित अजून वासही सुटला नव्हता.

टिपकागदाचा किंवा साध्या पातळ कागदाचा तुकडा घ्या. कपाळावर दाबून धरा, तीस श्वास मोजा, मग उजेडासमोर धरा. जिथे तेल मुरलं तिथून उजेड आरपार येतो. त्वचेचं तेल मोजणारं आजचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. धुरकट पट्टी ३० सेकंद त्वचेवर टेकवायची, तेलाने ती जितकी पारदर्शक होईल तितका प्रकाश जास्त जातो, आणि त्यावरून दर चौरस सेंटीमीटरला किती मायक्रोग्रॅम तेल आहे ते कळतं.

पण या आकड्यातून त्या क्षणी साचलेलं तेल तेवढं कळतं. ग्रंथी किती तेल बनवतात हा प्रश्न वेगळा. १९६१ साली जॉन स्ट्रॉस आणि पीटर पोची या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी ते मोजण्याची पद्धत मांडली. कपाळ स्वच्छ पुसायचं, त्यावर सिगारेटचे कागद बांधायचे, ३ तास थांबायचं, मग ईथरमध्ये कागदातलं तेल उतरवून त्याचं वजन करायचं. प्रौढ माणसाच्या १० चौरस सेंटीमीटर कपाळावर, म्हणजे दोन बोटं लांब आणि दोन बोटं रुंद एवढ्या जागेत, तेवढ्या वेळात साधारण १ मिलीग्रॅम तेल येतं. तिळाचा एक दाणा भरतो सुमारे ३ मिलीग्रॅम.

मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते पुसणं आणि थांबणं. तुम्हीही आता कपाळ पुसा आणि थांबा. काही करू नका. काम चालूच आहे.

बाहेर हवा दमट आहे. घाम वाळत नाही, तो तेलावर पसरून राहतो आणि सगळा चेहराच तेलकट वाटतो. यातला बराचसा भाग घामाचा असतो, म्हणून आपल्याकडे नुसत्या चमकेवरून निष्कर्ष काढणं चुकीचं. तरी उन्हाळ्याचा वाटा आहेच. त्वचेचं तापमान १ अंशाने बदललं तर तेल बाहेर येण्याचा वेग सुमारे १० टक्क्यांनी बदलतो, असं ब्रिटिश संशोधकांना १९७० साली आढळलं. डिचोलीत खनिजाचे ट्रक ज्या रस्त्याने जातात तिथल्या माणसाने संध्याकाळी तोंड पुसलं की रुमालावर तांबडा पट्टा उठतो. खनिजाची धूळ याच ओल्या तेलकट थराला धरून बसते.

आता घरातल्या माणसांचे चेहरे एकेक करून डोळ्यांसमोर आणा. नवजात बाळ, अंगावर पांढरा स्निग्ध थर घेऊन आलेलं. त्यातही या ग्रंथींचा वाटा आहे. सात वर्षांचं मूल, कोरड्या गालांचं, कारण त्या वयात ग्रंथी जवळजवळ निजलेल्या असतात. मग चौदा वर्षांचा मुलगा: संप्रेरकांनी ग्रंथी जाग्या केल्या, कपाळ चमकतं, हनुवटीवर पुटकुळ्या. आजीच्या गालांवर थोडा वेळ रेंगाळा. पाळी गेल्यावर बायकांचं हे तेल कमी होत जातं, पुरुषांचं बरंच उशिरापर्यंत टिकतं.

नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण खोबरेल चोळून आंघोळ करतो. आयुर्वेदही या अभ्यंगाला, म्हणजे अंगाला तेल चोळण्याला, मानतो, स्निग्ध आणि रूक्ष त्वचेवरून प्रकृती ओळखतो. माझ्या मते त्या विचाराचं आणि मिलीग्रॅमचं भांडण नाही. आयुर्वेद माणूस ओळखायला बघतो, मिलीग्रॅम वेग मोजतं. मात्र वरून लावलेलं तेल आणि आतून येणारं तेल एक नव्हे. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. आपल्या त्वचेच्या तेलात सेपिएनिक आम्ल असतं आणि इतर प्राण्यांच्या त्वचेत ते क्वचितच सापडतं.

डोळे उघडा. कपाळाला पुन्हा बोट लावा. इतक्या थोड्या वेळात फारसं काही जाणवणार नाही, पूर्वीचा थर परत यायला तीन-चार तास लागतात.

घरात वयात येणारं मूल असेल तर त्याच्या चेहऱ्याला कुणाला ‘मळकट’ म्हणू देऊ नका. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने हलक्या हाताने धुणं पुरे, घासून ग्रंथी थांबत नाहीत. मुरुमं वाढली तर खोबरेल चोळत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.