टीसी काढण्याचं स्वातंत्र्य

‘पटत नसेल तर टीसी काढा.’ प्रश्न विचारणाऱ्या पालकाला मिळणारं हे उत्तर फार खटकतं, कारण त्यामागे एक अख्खा विचार उभा आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी तो १९५५ मध्ये मांडला: पैसा सरकारनं द्यावा, शाळा पालकांनी निवडावी, स्पर्धेतून शाळा सुधारतील. अमेरिकेत मिनेसोटानं १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र. स्टॅनफर्डच्या २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरस ठरल्या, ३७ टक्के मागे पडल्या. पुढच्या अभ्यासांत चित्र सुधारलं, हेही खरं. पण फ्रीडमन यांच्या हिशेबात शाळा सोडणं आणि शाळेला जाब विचारणं यांत फरकच उरत नाही. आपल्या शिक्षण हक्क कायद्यानं जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले. विनाअनुदानित खाजगी शाळेला ही समिती सक्तीची नाही. म्हणजे टीसी काढणारा पालक मुलाबरोबर आपला जाबही घेऊन जातो आणि बहुधा तोच गावात नेटानं बोलणारा असतो. मागे राहतात जिंतूर तालुक्यातल्या तांड्यावरची, गंगाखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं. आई-बाप सहा महिने फडावर असताना दूरच्या शाळेची निवड करायची कोणी, आणि मुलाला रोज तिथे पोचवायचं कोणी?

मग खाजगी शाळांतले गरीब मुलांसाठीचे २५ टक्के राखीव प्रवेशही बंद करावेत का? या युक्तिवादाचं टोक तिकडेच जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जवळपास तेच केलं: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या प्रवेशांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ रोजी तो नियम रद्द केला, हे योग्यच झालं. त्या नियमानं फी भरू शकणाऱ्या कोणालाही अडवलं नव्हतं. दार बंद झालं होतं फक्त गरिबाचं. सरकारी शाळा टिकवण्याचा भार एकट्या त्याच्याच मुलानं का वाहावा? तेव्हा सोडण्याचा हक्क त्यालाही हवाच, राहणाऱ्याचा जाब मात्र आणखी धारदार व्हायला हवा. आज समिती शाळेचा विकास आराखडा करते, पण वर्गावर शिक्षकच नसेल तर ते पद ठरावीक मुदतीत भरून घेण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. तो तिला द्या.